इग्रीजस : गौरवाचा शब्द दूषणाचा कसा झाला

अमळनेर तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक सेवानिवृत्त झाले आणि समारंभासाठी इंग्रजी मानपत्र लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. 'सरांची असामान्य सेवा' असे त्यांना म्हणायचे होते. घरातल्या एका जुन्या शब्दकोशात 'इग्रीजस' या शब्दापुढे 'असामान्य, नामांकित' असे अर्थ दिसले, शब्द भारदस्त वाटला आणि तो मानपत्रात गेला. मानपत्र छापले, चौकटीत बसवले, व्यासपीठावरून वाचलेही. चहापानाच्या वेळी एका पाहुण्यांनी त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितले की, या वाक्याचा अर्थ 'सरांनी केलेली घोर सेवा' असा काहीसा होतो. शब्दकोश चुकला, पाहुणे चुकले की आपण चुकलो, आणि एकाच शब्दाला असे उलटसुलट अर्थ कसे असू शकतात, हे त्यांना समजून घ्यायचे आहे. त्या मानपत्राचे आता काय करावे, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

पाहुणे बरोबर होते. शब्दकोशही खोटे बोलला नव्हता. तो सुमारे चारशे वर्षे जुने खरे बोलत होता. आजच्या इंग्रजीत 'इग्रीजस' हे विशेषण वाईट गोष्टीलाच लागते, आणि तेही साध्यासुध्या वाईटाला नव्हे, तर कोणाच्याही चटकन लक्षात येईल इतक्या ढळढळीत आणि गंभीर वाईटाला. धुळे आणि जळगाव येथील न्यायालयीन कागदपत्रांची भाषांतरे करण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली असून या शब्दाने मलाही एकदा चकवले आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रथम उच्चार. 'इग्-री-जस' असे तीन तुकडे करावेत आणि आघात मधल्या 'री'वर द्यावा. शेवटचा 'ज' हा 'जय'मधला, 'जाळे'मधला नव्हे. आपल्याकडे अक्षरे पाहून 'एग्रेजिअस' असा उच्चार पुष्कळदा ऐकू येतो, तो टाळावा.

शब्द लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप, शेळ्यामेंढ्यांचा किंवा गुरांचा. या शब्दाचे षष्ठीचे रूप 'ग्रेगिस' होते आणि पुढच्या सगळ्या शब्दांत हा 'ग्रेग' दिसत राहतो. 'एक्स' किंवा नुसते 'ए' म्हणजे बाहेर. तेव्हा 'एग्रेगियुस' म्हणजे कळपातून बाहेर असलेला, चारचौघांत न मिसळलेला. या मूळ अर्थात तो चांगला की वाईट, याचा कोणताही निवाडा नाही.

ही गोष्ट मला शब्दकोशापेक्षा साक्री तालुक्यातल्या एका शेतात जास्त स्पष्ट कळली. पावसाळा संपला की ठेलारी मंडळी आपले कळप घेऊन फिरतीवर निघतात आणि शेतकरी खतासाठी त्यांच्या मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतात. माझ्या मामांच्या शेतात असाच कळप बसला होता. संध्याकाळी त्या मेंढपाळाने कळपात शिरून एका दांडग्या मेंढ्याचा मागचा पाय धरला, त्याला ओढत जाळीबाहेर आणले आणि खुंटीला बांधले. तो पैदाशीसाठी निवडलेला नर होता. थोड्या वेळाने त्याने आणखी एक जनावर तसेच ओढून बाहेर काढले आणि थोड्या अंतरावर बांधले. त्या मेंढीला खरूज लागली होती आणि ती बाकीच्यांना लागू नये, म्हणून तिला वेगळे केले होते. अंधार पडला तेव्हा बांधावरून पाहणाऱ्याला जाळीबाहेर बांधलेली दोन जनावरे तेवढी दिसत होती. त्यांतले कोणते कौतुकाने बाहेर आले आणि कोणते रोगाने, हे त्या माणसाला विचारल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते. 'इग्रीजस' शब्दाचा पुढचा सगळा इतिहास त्या दोन खुंट्यांच्या मध्ये घडलेला आहे.

रोमन लोकांनी पहिली खुंटी धरली. त्यांच्या भाषेत 'एग्रेगियुस' हा स्तुतीचाच शब्द होता. साम्राज्याच्या काळात तर तो सरकारी किताब बनला. अश्वारोही नावाच्या प्रतिष्ठित वर्गातील अधिकाऱ्यांना 'विर एग्रेगियुस' म्हणजे 'विशेष मान्यवर पुरुष' अशी पदवी लावली जाई आणि ती शिलालेखांत कोरलेली आढळते. आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत 'रावबहादूर' जसे नावाआधी लागे, तसाच हा प्रकार. लॅटिनच्या लेकी असलेल्या भाषांनी हा मान अजून राखला आहे. इटलीतून येणाऱ्या औपचारिक पत्राची सुरुवात 'एग्रेजिओ' या संबोधनाने होऊ शकते आणि त्याचा अर्थ 'माननीय महोदय' एवढाच असतो. केळी किंवा कापसाच्या व्यवहारानिमित्त असे पत्र कोणाला आले, तर इंग्रजी अर्थ मनात आणून रागावण्याचे कारण नाही.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला आणि येताना 'नामांकित, थोर' हाच अर्थ घेऊन आला. ख्रिस्तोफर मार्लो याचे तैमूरलंगावरचे नाटक १५९० साली छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागाच्या अगदी पहिल्या ओळीत पूर्वेकडील सुभेदारांना 'इग्रीजस' असे संबोधलेले आहे आणि तिथे अपमानाचा लवलेशही नाही. परंतु याच सुमारास उलटी चालही सुरू झाली होती. शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' या १५९९च्या आसपासच्या नाटकात पिस्टल नावाचे बढाईखोर पात्र फ्रेंच कैद्याकडे 'इग्रीजस' खंडणी मागते. तिथे अर्थ नुसता 'भली मोठी' असा आहे. मग सुमारे दहा वर्षांनी लिहिलेल्या 'सिम्बेलिन' नाटकात पश्चात्तापाने होरपळलेला नायक स्वतःलाच 'इग्रीजस' खुनी म्हणवून घेतो, तेव्हा मात्र शब्द पूर्णपणे दुसऱ्या खुंटीला बांधलेला दिसतो. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला. त्याने 'थोर, असामान्य' हा अर्थ पहिला दिला, 'ठळकपणे वाईट' हा दुसरा दिला आणि दुसऱ्यापुढे शेरा मारला की, रूढ अर्थ हाच आहे. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच निकाल लागला होता. शिक्षकमित्रांनी अर्थांच्या यादीतला पहिला अर्थ उचलला आणि तो रूढही असेल, असे गृहीत धरले. ऐतिहासिक पद्धतीने रचलेल्या कोशांत सर्वांत जुना अर्थ पहिला असतो, सर्वांत चालता नव्हे. कोश हातात घेतल्यावर त्याची प्रस्तावना वाचायची सवय आपल्याकडे फारशी कोणाला नसते आणि असे अपघात नेमके तिथेच होतात.

हा बदल कसा घडला, याचे उत्तर उपरोध हे आहे. एखाद्या महामूर्खाला 'वा, काय थोर पुरुष!' असे पुन्हा पुन्हा म्हटले जाऊ लागले की काही पिढ्यांत त्या शब्दातली थोरवी गळून जाते आणि टोमणा तेवढा शिल्लक राहतो. टोमण्याचा आवाज कागदावर उमटत नाही. पुढच्या वाचकाला तो साधा अर्थच वाटतो आणि तो त्याच अर्थाने शब्द वापरू लागतो. हे आपल्याला परके वाटण्याचे काही कारण नाही. पोराने परीक्षेत आपटी खाल्ली की बाप 'काय दिवे लावलेस!' असे विचारतो. दिवा ही मंगल वस्तू आहे, पण 'दिवे लावणे' आणि 'दिवटे चिरंजीव' यांत आता मांगल्य कोणालाच ऐकू येत नाही. 'गुण उधळले', 'प्रताप ऐकला', 'पराक्रम करून आला' हे सगळे त्याच वाटेने गेलेले प्रयोग आहेत. अहिराणीत 'भलता हुशार शे भो तू' असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा खूश होत नाही, आपले काय चुकले ते शोधू लागतो.

याहूनही जवळचे उदाहरण संस्कृतात आहे आणि ते मला फार आवडते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'देवांना प्रिय असलेला' या अर्थाची उपाधी सर्वत्र येते. ती राजाची सन्मानाची ओळख होती. पुढे भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त हाच 'देवानांप्रिय' शब्द 'मूर्ख' या अर्थी सिद्ध केलेला आढळतो. याच्या कारणांबद्दल विद्वानांची मते वेगवेगळी आहेत, त्यात येथे शिरत नाही. परंतु राजकिताबाचा शब्द मूर्खाला चिकटला, हे रोममधल्या किताबाच्या कथेशी किती जुळते ते पाहावे.

उलटा प्रवासही घडतो, हे लगेच सांगितले पाहिजे, नाहीतर शब्द नेहमी घसरतातच असा समज होईल. धर्मशास्त्रात 'साहस' हा बळजबरीचा, हिंसेचा गुन्हा आहे आणि मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत त्याची गणना आहे. मराठीत मात्र साहसाबद्दल शाळेत बक्षीस मिळते. इंग्रजीतला 'नाइस' हा गोड शब्द लॅटिनमधल्या 'अज्ञानी' या अर्थाच्या शब्दापासून आला आणि एके काळी त्याचा अर्थ 'मूर्ख' असा होता.

आता शब्दाच्या कुटुंबाकडे थोडे वळतो, कारण एकदा 'कळप' ध्यानात राहिला की पाच-सहा शब्द एका दोरीत ओवले जातात. 'सेग्रिगेट' म्हणजे कळपातून वेगळे काढणे. घंटागाडीवाला ओला आणि सुका कचरा वेगळा मागतो, तेव्हा तो हेच मागत असतो. 'ॲग्रिगेट' म्हणजे एका कळपात आणलेले. विद्यार्थ्याला तो शब्द एकूण गुणांमुळे माहीत असतो आणि बांधकामाच्या ठेकेदाराला खडीमुळे, कारण काँक्रीटमध्ये सिमेंटने एकत्र बांधली जाणारी खडी आणि वाळू यांना तेच नाव आहे. 'काँग्रिगेशन' म्हणजे प्रार्थनेला जमलेला समुदाय. 'ग्रिगेअरिअस' हा शब्द आधी कळपाने राहणाऱ्या प्राण्यांसाठी वापरला गेला आणि नंतर माणसांत रमणाऱ्या माणसासाठी. परीक्षेत 'ग्रिगेअरिअस' आणि 'इग्रीजस' यांची गल्लत फार होते. पहिल्याला कळपात राहणे आवडते आणि दुसरा कळपाबाहेर दिसतो, एवढे लक्षात ठेवले तर ती होणार नाही.

या कुटुंबाची एक फांदी आपल्या अंगणापर्यंत येते. लॅटिन 'ग्रेक्स'चे मूळ 'गोळा करणे, जमवणे' या अर्थाच्या प्राचीन धातूत मानतात आणि व्युत्पत्तीचे अभ्यासक संस्कृत 'ग्राम' शब्दाचा संबंध त्याच धातूशी जोडतात. 'ग्राम'चा एक जुना अर्थ समूह असाच आहे. गीतेतील 'इन्द्रियग्राम' आणि 'भूतग्राम' यांत तो दिसतो. तो संबंध धरला, तर 'इग्रीजस' म्हणजे जवळजवळ 'गावाबाहेरचा' असे होते. खेड्यात वाढलेल्या माणसाला या शब्दाचा वाईट अर्थ समजावून सांगण्याची वेगळी गरज उरत नाही.

उपयोगाच्या बाबतीत मुख्य मुद्दा हा की, आज हा शब्द ठरावीक नामांच्या शेजारी बसतो: चूक, उल्लंघन, अन्याय, फसवणूक, गैरवर्तन, विश्वासघात. त्यात दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. दोष मोठा असला पाहिजे आणि तो लपलेला नसून उघड दिसणारा असला पाहिजे. बारीकसारीक चुकीला हा शब्द लावला, तर वाक्य हास्यास्पद होते. हिशेबाच्या तपासणीत तळाशी दडलेला घोटाळा वर्षभराने सापडला, तर तो गंभीर असेल, पण त्याला हे विशेषण घालण्यापूर्वी मी थांबून विचार करीन.

जवळचे शब्द वेगळे ओळखावेत. 'फ्लेग्रंट' हा जळण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. त्यात राजरोसपणावर भर असतो, नियम सर्वांदेखत मोडण्यावर. 'हीनस' हा शब्द द्वेषवाचक फ्रेंच शब्दापासून आला आणि तो गुन्ह्यांसाठी, विशेषतः अमानुष गुन्ह्यांसाठी राखलेला आहे. हस्ताक्षर तपासायला विसरणे हे 'इग्रीजस' असू शकते, 'हीनस' कधीच नाही.

न्यायालयात हा शब्द निव्वळ शोभेचा नसतो. बँक हमीच्या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून सातत्याने असे म्हटले आहे की, फसवणुकीच्या कारणावरून हमीची रक्कम देणे थांबवायचे, तर ती फसवणूक 'इग्रीजस' स्वरूपाची, मूळ व्यवहारच नासवून टाकणारी असली पाहिजे. म्हणजे फसवणुकीचा साधा आरोप पुरेसा नाही. पक्षकाराला पैसे मिळणार की अडणार, हे त्या एका विशेषणाच्या वजनावर ठरू शकते. माझी चूक नेमकी अशाच कागदात झाली. व्यवसायाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका अर्जाच्या भाषांतरात मी 'लक्षणीय फसवणूक' असे लिहिले. ज्येष्ठ वकिलांनी कागद परत केला आणि समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले: 'लक्षणीय तर प्रगती असते.' तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

त्या पेन्सिलीच्या ओळीत भाषांतराची खरी अडचण आहे. इंग्रजी शब्दाच्या पोटात 'उठून दिसणे' आहे म्हणून आपण मराठीतले उठून दिसणारे शब्द शोधू लागतो आणि फसतो, कारण मराठीत हे शब्द बहुतेक कौतुकाचे आहेत. 'नजरेत भरणारी चूक' असे लिहिले, तर कानाला खटकते. नजरेत भरते ते रूप, पीक, बैलजोडी. चूक डोळ्यांत खुपते. 'उल्लेखनीय', 'लक्षवेधी', 'असाधारण' हेही याच कारणाने टाळावेत. मी नामाप्रमाणे शब्द बदलतो. चुकीसाठी 'घोडचूक' हा एकच शब्द विशेषणासकट काम करतो आणि बोली असल्याने अर्जापेक्षा लेखात अधिक शोभतो. असत्यासाठी 'धडधडीत', अन्यायासाठी 'घोर', नियमभंगासाठी 'ढळढळीत', कर्तव्यातील कसुरीसाठी 'अक्षम्य'. फसवणुकीच्या बाबतीत मी आता 'उघड व घोर स्वरूपाची' असे दोन विशेषणांत लिहितो. जरा लांबते, पण मूळ शब्दातले दोन्ही भाग त्यात येतात आणि समासात पेन्सिल फिरत नाही. माणसांसाठी वापर क्वचितच होतो. झालाच तर 'अट्टल' हा शब्द बरा, कारण अट्टल चोर असतो, अट्टल गवई नसतो.

आता मानपत्राविषयी. त्या जागी 'डिस्टिंग्विश्ड' हा शब्द निर्धास्त घालावा. शिक्षणक्षेत्रातील दीर्घ सेवेला तो रूढ आहे. 'आउटस्टँडिंग' हाही चालेल, आणि त्याच्या पोटात 'बाहेर उभा असलेला' हीच प्रतिमा आहे, हे पाहून गंमत वाटेल. फक्त आपल्या भागात विकास सोसायटीच्या नोटिशीमुळे त्या शब्दाचा 'थकबाकी' हा अर्थ अधिक घरांत पोहोचला आहे, म्हणून मी पहिलाच सुचवीन. 'एक्झेम्प्लरी' म्हणजे अनुकरणीय, हाही चांगला आहे. पण त्याच शब्दाने न्यायालयात जरब बसवणारी शिक्षाही सांगितली जाते, तेव्हा तो सेवेच्याच शेजारी ठेवावा.

सरांना सांगावे की नाही, असा संकोच आपल्या पत्रात दिसतो. माझ्या मते सांगावे आणि कोणीतरी तिसऱ्याने सांगण्याआधी सांगावे. एवढी वर्षे शाळेत काढलेल्या माणसाने विद्यार्थ्यांच्या वह्यांत याहून वाईट शब्द पाहिलेले असतात. नव्या कागदावर तेच मानपत्र एक शब्द बदलून छापून घ्यावे, घरी जाऊन चौकटीच्या मागचा पुठ्ठा काढावा आणि कागद बदलावा. जुनी प्रत मात्र त्यांनी मागितली, तर त्यांच्याकडेच राहू द्यावी. मला विचाराल, तर ती मागतील.